गल्लीत, गावात व्यसन-उपचारांचा कार्यक्रम घ्यायचाय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये आम्ही पहिला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा दीडशे माणसं आली होती. पाहुणे तळमळीनं बोलले, खराब झालेल्या लिव्हरचे फोटो पडद्यावर दाखवले, शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. पेपरात फोटोही आला. पुढच्या महिन्याभरात त्या दीडशे जणांतला एकही माणूस दवाखान्याची पायरी चढला नाही.

माझे मिस्टर शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर आहेत. चौदा वर्षं प्याले, आता नऊ वर्षं झाली, थेंब नाही. त्या पहिल्या कार्यक्रमानंतर मी आणि आमच्या गल्लीतल्या चौघींनी करवीर आणि कागल तालुक्यांतल्या गावांत, शहरातल्या पेठांत मिळून वीसेक कार्यक्रम घेतले. काय केल्यानं माणसं उपचाराला येतात आणि काय केल्यानं नुसत्या टाळ्या पडतात, हे आम्हाला चुकत चुकतच समजलं. तुमची ती दोन-तीन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट मनात पक्की करा. दारू वाईट आहे हे पिणाऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या घराला माहीत नसतं ते हे: सकाळी उठून जायचं कुठं, तिथं करतात काय, दिवस किती लागतात, पैसे किती, आणि कामावरून काढतील का. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, असं त्यात आहे. आपला कार्यक्रम उरलेल्या सदतीस जणांसाठी असतो.

१. आधी स्वतः शिका, आणि श्रावणाचं नीट समजून घ्या

आपल्याकडं दारू सोडायची ठरलेली पद्धत आहे. गटारीला पोटभर प्यायची आणि श्रावण धरायचा. नाहीतर ज्योतिबाची, अंबाबाईची शपथ घालायची. नाहीतर माळ. माळ घातल्यावर आयुष्यभर न प्यालेली माणसं मी बघितली आहेत, त्यामुळं श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण रोज, सकाळी उठल्या उठल्या पिणाऱ्यानं एका रात्रीत बंद करणं हा शरीराच्या दृष्टीनं धोका आहे, आणि हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

एका वर्षी आम्ही मिस्टरांचा श्रावण धरवला. बाहेर पडू नयेत म्हणून दाराला कडी. पहिल्या दिवशी हात इतके कापत होते की कप बशीवर वाजायचा, म्हणून चहा मी वाटीतून पाजला. तिसऱ्या रात्री ते अंथरुणात उठून बसले आणि चादरीवरून काहीतरी वेचायला लागले. भिंतीला मुंग्या लागल्यात म्हणाले. मग एकदम ओरडले, "भट्टी फुटली, सरका, पोरं सरकवा!" अंगाला दरदरून घाम, अंग चटका लागेल इतकं गरम. सासूबाईंनी दृष्ट काढली. बाहेरचं काही झालंय असंच आम्हाला वाटलं. शेजारच्या काकांनी रिक्षा आणली म्हणून माणूस हाताला लागला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला जुळवून घेतलेला असतो. ती अचानक काढली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखा झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास आणि भ्रम होऊ शकतो, आणि तो उपचाराविना जीवावर बेतू शकतो. सगळ्यांना इतका त्रास होत नाही, पण कुणाला होईल हे घरी बसून सांगता येत नाही. दवाखान्यात यासाठी ठरावीक गोळ्या काही दिवस देऊन कमी कमी करत नेतात आणि जीवनसत्त्व बी-१ देतात. बहुतेकांची ही अवस्था आठवडाभरात ओसरते. एवढा साधा उपाय आहे, आणि आम्ही कडी लावून बसलो होतो.

म्हणून कार्यक्रमात सामुदायिक शपथ घेऊ नका, "आजपासून बंद" असं कुणाकडूनही वदवून घेऊ नका. "सोडायची असेल तर डॉक्टरला भेटून सोडा" हे वाक्य तीनदा म्हणा. भास किंवा झटका आला तर वाट न बघता १०८ ला फोन, हेही सांगा.

दुसरा सापळा गोळीचा. दारू पिली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर एक गोळी देतात, डायसल्फिराम. ती रुग्णाच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायची असते. आपल्याकडं ती चहात, आमटीत कळू न देता घालतात. वरून तो पिऊन आला की रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, छाती धडधडते, आणि कधी जीवही जातो. जाहिरातीतल्या बिनानावाच्या पावडरींत काय असतं ते तर कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात निदान एक बाई तरी मान खाली घालून विचारते, "ती आमटीतली गोळी चालंल का?" तिला रागवू नका. तिच्याजवळ तेवढाच उपाय होता.

गांजा, झोपेच्या गोळ्या, इंजेक्शन, तंबाखू यांचं शास्त्र थोडं थोडं वेगळं आहे, ते डॉक्टरांनाच बोलू द्या. तुम्ही एकच सांभाळा: कुठलंही व्यसन "नियत नाही म्हणून" असं तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका.

२. पत्ता देण्याआधी स्वतः तिथं जाऊन या

आमच्या पहिल्या पत्रकावर एका केंद्राचा फोन नंबर होता. कुणाच्या तरी मोबाईलवर आलेला, आम्ही तसाच छापला. तो बंद होता. ज्या एका बाईनं धीर करून फोन लावला, तिनं पुन्हा लावलाच नाही.

आता आम्ही दर खेपेला आधी जाऊन बघून येतो. दसरा चौकाजवळचं आपलं सीपीआर हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी, किती ते किती, कुठल्या मजल्यावर, दाखल करून घ्यायची सोय सध्या कशी आहे, हे स्वतः रांगेत उभं राहून विचारा आणि वहीत लिहा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना भेटा. तालुक्याच्या गावी खाजगी मानसोपचारतज्ज्ञ असतील तर त्यांची पहिल्या भेटीची फी विचारून ठेवा.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्राचं नाव देण्याआधी तिथं जाऊन हे विचारा:

- मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
- डॉक्टर रोज येतात की महिन्यातून एकदा? रात्री झटका आला तर काय करता?
- घरच्यांना किती दिवसांनी भेटू देता? फोनवर बोलू देता का?
- महिन्याचा सगळा मिळून खर्च किती, आणि मध्येच घरी नेलं तर पैसे परत मिळतात का?
- बाहेर पडल्यावर पुढं कोण बघतं?

"गाडी पाठवतो, उचलून आणतो, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणणाऱ्या ठिकाणाचं नाव पत्रकावर घालू नका. आमच्या नात्यातल्या एका मुलाला असंच पहाटे उचलून नेलं होतं. तीन महिन्यांनी तो आला तो गप्पच, आणि पुढं उपचाराचं नाव काढलं की घर सोडून जायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळं होणारे आजारही धरले आहेत. साखळीनं बांधून ठेवायला त्यात पूर्ण बंदी आहे. संमतीशिवाय दाखल करायचं झालं तरी त्याला कायद्याची पद्धत आणि मुदत आहे.

फोन नंबर आम्ही दोनच छापतो. व्यसनासाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. छापायच्या दिवशी दोन्ही लावून बघा.

३. पत्रक आणि फ्लेक्सवरचे शब्द

"बेवडा", "दारुडा", "गर्दुल्ला" हे शब्द कुठंही नकोत. कवटी, फास, जळकी सिगारेट ही चित्रं नकोत. ज्याच्या घरात हा प्रश्न आहे, त्या घरातली मुलगी ते पत्रक दप्तरात ठेवू शकेल का, असं विचारून बघा.

फ्लेक्सवर "व्यसनमुक्ती" हा शब्दही आम्ही आता मोठा घालत नाही. त्या बोर्डाखालून आत जाणारा माणूस गल्लीला दिसतो. "मन, झोप आणि दारूचा त्रास: डॉक्टरांशी गप्पा" असं लिहिलं की बायका रक्तदाबाची चौकशी करायला म्हणून येतात आणि मग बसतात.

पत्रकाच्या मागच्या बाजूला फक्त चार प्रश्न छापतो. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? प्याल्याचं मनाला लागतं का? सकाळी उठल्यावर हात थांबवायला प्यावी लागते का? जगभरचे डॉक्टर हे चार प्रश्न विचारतात. दोन "हो" आले तर डॉक्टरला भेटा, एवढंच खाली. माणूस हे एकटा असताना वाचतो, म्हणून पत्रक खिशात मावेल एवढं ठेवा.

४. जागा, वार, वेळ

गावात सगळ्यात चांगली जागा दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ सगळ्या घरचं माणूस किटली घेऊन येतं, आणि कुणी कशाला आलं हे विचारायची गरज नसते. पत्रकं तिथं ठेवा. मात्र दुधाचं बिल ज्या दिवशी निघतं त्या संध्याकाळी कार्यक्रम ठेवू नका. त्या दिवशी ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ती माणसं दुसरीकडं असतात. उसाच्या हंगामात आणि फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशीही नको.

शहरात तालीम चालते, पण आधी मंडळाच्या अध्यक्षांशी आणि वस्तादांशी बसून बोला. पोरांना "तुम्ही मिरवणुकीत पिता" असं सुनावत गेलात तर हॉल मिळेल, पोरं मिळणार नाहीत. त्यांना काम द्या. सतरंज्या, माईक, आणि दुसऱ्या दिवशी सोबत जायला दोघं. ते मनापासून करतात.

२६ जून हा अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन आणि आपल्याकडं शाहू जयंतीही. त्या दिवशी पत्रकं जरूर वाटा, पण कार्यक्रम ठेवू नका. अख्खं कोल्हापूर बाहेर असतं, डॉक्टर सापडत नाहीत. आषाढाचा शेवटचा आठवडा, गटारीच्या आधी, हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात मोलाचा आठवडा. तेव्हाच घराघरात श्रावण धरायचं ठरत असतं.

कागदपत्रं थोडीच लागतात: हॉलच्या परवानगीचं पत्र किंवा ग्रामपंचायतीचा होकार, लाऊडस्पीकर असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी, डॉक्टरांना तारखेचं लेखी निमंत्रण. रात्री दहाच्या आत माईक बंद.

मुख्य कार्यक्रमाच्या चार दिवस आधी बचत गटात फक्त बायकांची बैठक घ्या. दहा जणी आल्या तरी पुरे. पुरुषांना हॉलमध्ये आणणाऱ्या त्याच असतात.

५. बोलणार कोण

डॉक्टर पंधरा मिनिटं. त्यानंतर दारू सोडलेला माणूस पंधरा मिनिटं. त्यानंतर त्याच्या घरातली बाई दहा मिनिटं. पुढारी बोलणार असतील तर सुरुवातीला, दोन वाक्यं.

यातलं मधलं बोलणं सगळ्यात जास्त पोचतं आणि तिथंच सगळ्यात जास्त जपावं लागतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार देत सुरू केलं. कोल्हापुरातही त्यांचे समूह आहेत, आणि फी नसते. तिथली माणसं बोलायला येतात, पण त्यांचा नियम आहे: पूर्ण नाव नाही, फोटो नाही. आमच्या एका कार्यक्रमात मंडळाच्या एका मुलानं हौसेनं लाईव्ह केलं. बोलणाऱ्या दादांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ते दादा त्यानंतर कुठंच बोलायला गेले नाहीत, आणि चूक सर्वस्वी आमची होती. आता आम्ही दारातच मोबाईल बंद ठेवायला सांगतो आणि सगळे ठेवतात.

बोलणाऱ्याला आधी विनंती करा: किती प्यायचो, कुठं पडलो, यावर दोन मिनिटं. बाकीचा वेळ सोडली कशी यावर. दवाखान्यात पहिल्या रात्री काय झालं, डॉक्टर काय विचारतात, मीटिंगमध्ये काय करतात, पहिला पगार हातात आला तेव्हा काय केलं. पडल्याच्या गोष्टी लोकांनी गल्लीत बघितलेल्या असतात. उठल्याची गोष्ट बघितलेली नसते.

६. कार्यक्रमाचा दिवस

प्रश्नोत्तरं माईकवर घेऊ नका, कुणी विचारत नाही. सगळ्यांना, अगदी शाळकरी मुलालाही, एकसारखी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या, आणि सगळ्यांनी काहीतरी लिहून डब्यात टाकायचं. ज्याला विचारायचं नाही त्यानं "नमस्कार" लिहावं. मग लिहिणारा वेगळा दिसत नाही. एका खेड्यात डब्यातून मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली होती: "पप्पा झोपले की श्वास चालू आहे का मी बघतो. तो बंद पडतो का?" डॉक्टर थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्या मुलाला उद्देशूनच, नाव न विचारता, सगळं नीट सांगितलं. आणि हे बघणं मोठ्यांचं काम आहे, तुझं नाही, असंही. दुसऱ्या दिवशी त्या गावातून दोन बाप आले.

कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास थांबा. सतरंज्या घड्या करायला एक-दोन बायका उगाच मागं राहतात. "ताई, माझ्या भाच्याचं जरा इचारायचं हुतं," अशी सुरुवात होते. भाचा कोण, हे विचारू नका. भाच्याचंच बोला.

पोरांच्या आईबापांना पोलिसांची भीती असते, गांजा किंवा गोळ्या असतील तर जास्तच. त्यांना सांगा, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात (१९८५) कलम ६४-अ आहे. स्वतःपुरतं घेणारा व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला आणि उपचार पूर्ण केला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. विकणाऱ्याला नाही.

७. दुसऱ्या दिवशीची सकाळ

सगळा कार्यक्रम या सकाळसाठी असतो. तारीखच अशी निवडा की दुसऱ्या दिवशी ओपीडी असेल. रात्री "उद्या येतो" म्हणणारा माणूस सकाळी दहापर्यंत तसाच राहील याची खात्री नसते. त्यात त्याचा खोटेपणा नाही, त्याचे हात कापायला लागलेले असतात. म्हणून सोबत जाणारी दोन माणसं आधी ठरवा, आणि साडेसातला घरी जा. थोडी प्यालेला असला तरी न्या. "उतरल्यावर ये" म्हणू नका, आणि वाटेत उपदेश करू नका. माझ्या मिस्टरांना नंतर नेणारे तालमीतले दादा वाटेत फक्त यंदाच्या पावसाबद्दल बोलत होते. मिस्टर अजून त्या दादांची आठवण काढतात.

सोबत घ्यायचं:

- आधार कार्ड, रेशन कार्ड
- आधीच्या दवाखान्याचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं (बीपी, शुगर, फिट्स)
- काय, किती, किती वर्षं, आणि शेवटचं कधी घेतलं, हे घरच्यांनी कागदावर लिहून
- घरातलं एक जबाबदार माणूस
- दाखल केलं तर लागणारे कपडे, चादर, पाण्याची बाटली
- कामावर द्यायच्या दाखल्यासाठी कंपनीचं नाव-पत्ता

डॉक्टरांपुढं घरची माणसं लाजेनं प्रमाण कमी सांगतात. "रोज एक क्वार्टर" असते तीन. औषधाचा डोस त्यावर ठरतो, म्हणून खरं सांगा, हे आदल्या रात्रीच समजावून ठेवा.

८. त्यापुढं

दवाखान्यातून आला म्हणजे बरा झाला, असं घरी धरून चालतात आणि तिथंच घसरगुंडी होते. शरीराचा त्रास बहुतेकांचा आठवड्यात ओसरतो. रिकाम्या संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं, हे शिकायला वर्ष जातं. डॉक्टरांच्या पुढच्या तारखा, ओढ कमी करणारी औषधं, एएची मीटिंग, घरच्यांसाठी अल-अनॉन या आधारगटाची बैठक, यातलं जे जुळेल ते धरून ठेवायला मदत करा. तालमीतल्या पोरांना सांगा की लग्नात, जेवणावळीत त्याला आग्रह करू नका आणि "आता सुधारला का?" असंही विचारू नका.

कुणी परत प्याला तर गल्लीत "बघ, म्हणलं नव्हतं" सुरू होतं. बीपीची गोळी चुकली की आपण डॉक्टरकडं जातो, हेही तसंच. पुन्हा केसपेपर काढायचा. माझे मिस्टर पहिल्या खेपेनंतर चार महिन्यांनी घसरले होते. दुसऱ्या खेपेला तेच म्हणाले, "चल, सकाळीच जाऊ."

तुमच्याकडं जमा होणाऱ्या नावांची वही करू नका. आम्ही फक्त आकडा ठेवतो: या कार्यक्रमातून किती जण ओपीडीला गेले, महिन्यानं किती जण अजून जातात. गेल्या आषाढात एका गावातून पाच जण गेले, तिघं अजून जातात. पुढच्या कार्यक्रमाचं पत्रक छापायच्या आधी मी सीपीआरच्या खिडकीवर जाऊन वार पुन्हा विचारून येणार आहे. वार बदललेले असू शकतात. तुम्हीही विचारून या.